दादरला हयात, शीवला मयत

माझं काम लोकांना शिळं वाढण्याचं आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी विनयाने बोलतेय, पण खरंच तेवढंच आहे. कुणी एखादी वेबसाइट उघडली की ती दर वेळी मूळ यंत्रापर्यंत जाऊन आणायची म्हटली तर वेळ लागतो, आणि हल्ली कुणाला दोन सेकंदही थांबवत नाही. म्हणून आमची कंपनी त्या पानांच्या आणि फोटोंच्या प्रती काढून ठिकठिकाणच्या यंत्रांत भरून ठेवते. तुम्ही मागितलंत की जवळच्या यंत्रातली प्रत तुमच्या पुढ्यात येते. ती प्रत किती दिवस ताजी समजायची, हे ठरवणाऱ्या माणसांपैकी मी एक.

बाबांना हे समजावताना मी लोणच्याचं उदाहरण दिलं होतं. लोणचं गावाला घातलेलं असलं तरी बरण्या मुंबईत प्रत्येक नातेवाइकाकडे असतात. जेवायला बसल्यावर चमचाभर लोणच्यासाठी कुणी कणकवलीला जात नाही. बाबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि गावाला मूळ बरणीत दुसरंच लोणचं घातलं तर?" मी म्हटलं, तर जुनी बरणी संपेपर्यंत इथले लोक जुनंच खात राहतात. "मग तुम्ही तिकडे दिवसभर बसून करता काय?" बाबा म्हणाले. तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहिलेल्या माणसाला बसून केलेल्या कामाचा एकूणच संशय असतो. शिवाय माझं ऑफिस ज्या काचेच्या इमारतीत आहे, ती त्यांच्याच गिरणीच्या जागेवर उभी आहे. मी डबा विसरले की ते आणून देतात आणि खालच्या वॉचमनला सांगतात, "माझं खातं इथेच होतं, लिफ्टच्या जरा डावीकडे."

आम्ही दोघं डिलाईल रोडला चाळीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. चाळ बाबांना भाऊ म्हणते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल चाळीने आता बोलणंही सोडलंय.

चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी किती वाजता येणार, पूजा कधी, कुणाचा मुलगा पास झाला, कोण गेलं, सगळं त्या फळ्यावर येतं. लिहिण्याचा अधिकार फक्त सेक्रेटरींना. ते जुनं ओल्या फडक्याने पुसतात आणि त्याच जागी नवं लिहितात. निम्मी चाळ आता डोंबिवली, विरार, बदलापूर अशी पांगली आहे, पण त्या लोकांना फळा हवाच असतो. डिलाईल रोडच्या नळाची वेळ विरारच्या माणसाला कशाला हवी, असं मी एकदा विचारलं होतं, तर सभेत सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी ते काम अंगावर घेतलं. आणि एका सुट्टीत मीच फळ्याची वेबसाइट करून दिली. एकच पान. वर मजकूर, खाली फोटो.

यात दोन चुका होत्या. एक सेक्रेटरींची आणि एक माझी, आणि मोठी माझी.

सेक्रेटरींची चूक अशी की ते प्रत्येक नवा फोटो जुन्याच नावाने चढवायचे. पूजेचा फोटो असो, नव्या पंपाचा असो की दहावीच्या मुलांचा असो, नाव एकच, 'फोटो'. मी त्यांना शंभरदा सांगितलं की दर वेळी नवं नाव द्या. ते म्हणाले, "अगं, फळा काय दर वेळी नवा आणतो का आपण? पुसायचं आणि लिहायचं." 

माझी चूक अशी की गेल्या पूजेला सगळ्या पांगलेल्या चाळीने एकाच वेळी फोटो उघडले आणि आमच्या गरीब साइटने मान टाकली. तेव्हा मी रागाच्या भरात ठरवून टाकलं, की मजकूर दर वेळी ताजा द्यायचा, पण 'फोटो' नावाचं जे काही असेल ते वाटेतल्या यंत्रांनी तीस दिवस सांभाळून ठेवायचं. साइटला, पत्त्याशेजारी दिसतं ते, सुरक्षेचं कुलूपही लावलेलं नव्हतं, त्यामुळे गल्लोगल्लीचे इंटरनेटवालेसुद्धा आपापल्या यंत्रात तिची प्रत ठेवायला मोकळे. ऑफिसात नव्याने लागलेल्या लोकांना मी हेच 'असं कधीही करू नका' म्हणून शिकवते.

मग बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. चाळीने पटांगणात सत्कार केला. शाल, नारळ आणि झेंडूचा असा जाड हार, की बाबांची हनुवटी त्यात बुडाली होती. पांढरा शर्ट, हात जोडलेले, चेहऱ्यावर उन्हामुळे आलेला एक केविलवाणा भाव. खाली पट्टीवर त्यांचं नाव. हा फोटो साइटवर चढला आणि लोकांनी अगदी आवडीने बघितला. जिथे जिथे कुणी बघितला, तिथल्या तिथल्या यंत्राने तो तीस दिवसांसाठी ठेवून घेतला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, एका मंगळवारी पहाटे, शेजारचे काका गेले.

काका आमचे सख्खे कुणी नव्हते, सगळी चाळ आणि गिरणी त्यांना काकाच म्हणायची. बाबांच्याच खात्यात, बाबांच्याच पाळीत होते, आणि भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायचे आणि जेवताना बाबांशी भांडायचे, मीठ कमी आहे इथपासून संप कुणामुळे फसला इथपर्यंत. त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटी बहीण. ती याच खोलीत वाढली, लग्न होऊन शीवला गेली. चाळीस वर्षांपूर्वी तिने काकांसाठी एक मुलगी बघितली होती. मुलीकडचे लोक येऊन बसले, कांदेपोहे झाले, आणि काका मात्र कबड्डीची फायनल बघायला गेलेले. बहिणीने चारचौघांत खाली मान घातली आणि निघताना सांगितलं की पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. तिने ते पाळलं. काका दर भाऊबीजेला इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, जरा वाऱ्याला बसलोय.

सकाळी चहाला आले नाहीत म्हणून बाबा बघायला गेले. काका झोपेतच गेले होते. दुपारपर्यंत सगळं उरकलं, अग्नी बाबांनीच दिला. बहिणीचा नंबर कुणाकडे नव्हता. काकांचा मोबाइल उघडेना. "पानावर टाका," बाबा सेक्रेटरींना म्हणाले, "ती या चाळीची पोर आहे, कुठेही असली तरी पान बघत असणार." सेक्रेटरींनी लिहिलं, की कळविण्यास अत्यंत दुःख होते, आपल्या चाळीचे ज्येष्ठ रहिवासी, निष्ठावंत गिरणी कामगार यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले, शोकसभा रविवारी सकाळी दहा वाजता पटांगणात. नाव मजकुरात लिहायची त्यांची पद्धत नाही, नाव फोटोखालच्या पट्टीत असतं. काकांच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून त्यांनी खाली पट्टी लावली आणि चढवला. नाव दिलं 'फोटो'.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला बुधवार उजाडला.

बुधवारी सकाळी साडेआठला दार वाजलं. बाबा बनियनवर होते, त्यांनीच उघडलं. दारात डोंबिवलीचं एक जोडपं, आमच्याच दुसऱ्या मजल्यावरून गेलेलं, हातात हार. बाईंनी बाबांकडे बघितलं आणि हार सोडून दिला. नवऱ्याने हात जोडले, मग काढले, मग पुन्हा जोडले. बाबांना वाटलं काकांसाठी आलेत, म्हणून ते म्हणाले, "या, या. झोपेतच गेला. काही त्रास झाला नाही." यावर ते दोघे ज्या नजरेने बाबांकडे बघत राहिले ती मी विसरणार नाही. उलगडा झाल्यावर नवऱ्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो जरासा रुसलाच. "सुट्टी टाकून आलो हो," तो म्हणाला. बाबांनी त्याची माफी मागितली.

दहापर्यंत आणखी सात माणसं आली. अकराला परळहून बाबांच्या जुन्या भजनी मंडळाचे दोन सदस्य शोकप्रस्ताव घेऊन आले. छापील होता, चौकट काळी. बाबांनी चष्मा लावून तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "बांधणी खातं लिहिलंय. मी साचेखात्यात होतो." त्यांनी खिशातलं पेन काढून दुरुस्ती केली. मंडळाच्या वहीत प्रस्ताव कुटुंबीयांना पोचल्याची सही लागते, ती कुणी करायची यावर थोडी चर्चा होऊन शेवटी बाबांनीच केली.

मी ऑफिसला दांडी मारून साइट उघडली. माझ्या मोबाइलवर काकाच होते, ओळखपत्रातले, रागावलेले. मग त्या डोंबिवलीकरांचा मोबाइल मागून घेतला. वर तोच मजकूर, दुःखद निधन, आणि खाली बाबा, हारात बुडालेले, हात जोडून.  वीस वर्षं मी हे काम करतेय आणि माझ्याच बापाला मी मारून ठेवलं होतं. तेही सगळीकडे नाही, काही काही ठिकाणी. जिथे वाढदिवसाचा फोटो कुणी बघितला नव्हता तिथल्या यंत्रांनी नवा फोटो आणला आणि तिथे काका गेले. जिथे बघितला होता तिथे बाबा गेले.

हे मी बाबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी कॅलेंडरचं एक जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने आखले, एकाला हयात आणि एकाला मयत असं नाव दिलं, आणि फोन घेऊन बसले. "हॅलो, मी बोलतोय. हो, मीच. रडू नको. मला एवढंच सांग, तुझ्याकडे पान उघडलं तर कोण दिसतं?" दादरला ते हयात निघाले. गिरगावात हयात. लालबागला एका गल्लीत हयात, पलीकडच्या गल्लीत मयत. विरार, डोंबिवली पूर्व मयत, पश्चिम हयात. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांचा एक मित्र आहे, त्याच्याकडे घरातल्या इंटरनेटवर मयत आणि गॅलरीत येऊन मोबाइलच्या रेंजवर बघितलं की हयात. तो बिचारा फोन धरून आत-बाहेर करत होता. "आता बाहेर आहेस ना? मग बाहेरच थांब," बाबा त्याला म्हणाले.

शेवटी त्यांनी शीवला लावला. तिथे आमच्याच चाळीतून गेलेला एक पेंटर राहतो. त्याने पान उघडलं आणि नुसता हुंदका दिला. बाबांनी मयतच्या रकान्यात शीव लिहिलं, फोन ठेवला, आणि मग मात्र त्यांचा आवाज चढला. रागावले की ते गावच्या बोलीत जातात.

"तो मेलो आणि लोक माका रडतत! ह्या काय चललाहा गो? तेच्या बहिणीक कळाक होया. शीवाक मीच मेललो दिसतंय तर तिका कसा कळतला?"

तेव्हा मला समजलं की त्यांना स्वतःच्या मरणाचं काही पडलेलं नव्हतं. सकाळपासून नऊ हार आले होते आणि सगळे त्यांच्या नावाचे. भिंतीपलीकडे काकांच्या दाराला कुलूप होतं आणि तिकडे कुणी बघितलंही नव्हतं. चाळीबाहेरच्या एकाही माणसाने काकांसाठी चुकचुक केली नव्हती. "तेचा मरान मी खाल्लंय," बाबा म्हणाले आणि पलंगावर बसून राहिले.

दुरुस्ती मी तासाभरात केली, तेवढं मला येतं. फोटोचं नाव बदललं, जुन्या प्रती जिथून पुसता येतील तिथून पुसल्या. दुपारी दोननंतर जगात कुणीही पान उघडलं असतं तर त्याला काकाच दिसले असते. बाबांनी शीवच्या पेंटरला पुन्हा फोन करून खात्री केली, पण बहिणीचा ठावठिकाणा त्यालाही माहीत नव्हता. मयतच्या रकान्यातली नावं एकेक करून हयातमध्ये आली.

पण कुणाच्या निधनाची बातमी माणूस दोनदा उघडून बघत नाही. तो एकदा बघतो, अरेरे म्हणतो, पान फोटोसकट मोबाइलवरच्या चार ग्रुपवर ढकलतो आणि कामाला लागतो. ज्यांनी मंगळवारीच बघितलं होतं त्यांच्या दृष्टीने बाबा गेले ते गेलेच. आणि ढकललेल्या प्रती माझ्या यंत्रांत नव्हत्या, लोकांच्या खिशात होत्या. यंत्रातली प्रत तीस दिवसांनी तरी मरते. खिशातलीला मरणच नाही.

गुरुवारी सेक्रेटरींनी मला न विचारता खुलासा काढला. काढायचा तर नीट काढावा. त्यांनी लिहिलं, 'आपल्या चाळीच्या ज्येष्ठ रहिवाशांच्या निधनाची बातमी चुकीची असून ते ठणठणीत आहेत, कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.' नाव अर्थातच नाही. फोटो बाबांचा, तोच, हाराचा. या खुलाशाचा नुसता मजकूर, फोटोशिवाय, ग्रुपवर ढकलला गेला आणि त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना काका गेल्याचं बरोबर कळलं होतं त्यांनाही वाटलं की काका जिवंत आहेत. गिरगावहून गिरणीतले एक जुने सहकारी शोकसभेत बोलणार होते, त्यांनी फोन करून कळवलं की ठणठणीत आहेत हे वाचून आनंद झाला, आता रविवारी येत नाही. म्हणजे मंगळवारी निदान निम्म्या मुंबईत काका गेले होते. गुरुवार संध्याकाळपर्यंत ते कुठेच गेले नव्हते.

मी सेक्रेटरींवर एवढी ओरडले की पहिल्या मजल्यावरची माणसं वर आली. "मी चांगल्यासाठीच केलं ना?" ते म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

शुक्रवारी बाबांनी काकांच्या ट्रंकेतून एक जुनी डायरी काढली. त्यात बहिणीचा शीवचा पत्ता होता. पुसट, पण वाचता येण्यासारखा. "चल," ते म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रांच्या भरवशावर नको. आपण जाऊन सांगू." आम्ही टॅक्सीने गेलो. पत्त्यावर बिल्डिंगच नव्हती. पत्र्याचं कुंपण, आत खड्डा, आणि पत्र्यावर स्विमिंग पूलचं चित्र. वॉचमनला काही माहीत नव्हतं. आजूबाजूच्या तीन दुकानांत विचारलं, तर एकाने सांगितलं की त्या बिल्डिंगमधले लोक भाड्याने कुठे कुठे पांगलेत, कुणी जवळच आहे, कुणी ठाण्याला.

बाबा तिथेच फुटपाथवर उभे राहिले. मी पाण्याची बाटली घ्यायला वळले आणि मागे गलका ऐकू आला. बसस्टॉपवरचा एक म्हातारा बाबांच्या समोर उभा राहून त्यांच्या दंडाला बोट लावून बघत होता. तो त्यांच्या पाळीतला निघाला. "अरे, तुझ्यासाठी काल मी गोड सोडलं," तो म्हणाला. बाबांनी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "काकाची बहीण कुठे राहते, माहीत आहे? काका गेला." म्हातारा हसायला लागला. "तुझंही तसंच सांगत होते," तो म्हणाला, "मी आता नाही फसायचा." आणि त्याची बस आली. बाबा बसच्या मागे चार पावलं चालत गेले. पंचाहत्तरीचा माणूस, शीवच्या नाक्यावर, मी जिवंत आहे पण माझा मित्र खरंच मेलाय असं ओरडत, आणि लोक वाट काढून बाजूने जात होते. टॅक्सीत त्यांनी डायरी उघडून तो पत्ता पुन्हा वाचला. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की हे आता कधीच दुरुस्त होणार नाही.

एक गोष्ट मी तेव्हा बघत होते आणि बोलत नव्हते. बाबा काकांसाठी रडले नव्हते. मंगळवारी स्मशानातून आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, पण बुधवारपासून त्यांना सवडच मिळाली नाही. लोक त्यांना मिठ्या मारत होते, पेढे देत होते, आता शंभरी गाठणार म्हणून सांगत होते. मेलेल्याचं जिवंत निघणं हा मोठा आनंदाचा प्रसंग असतो आणि त्यात यजमानाला रडता येत नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर ते मीठ कमी आहे म्हणाले, उत्तराची वाट बघितली, आणि मग स्वतःच वाढून घेतलं.

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला गॅलरीत पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक दाराशी थांबत आल्यासारखी. मग पलीकडच्या दाराचं कुलूप कुणीतरी हलवून बघितलं. मग आमचं दार वाजलं.

एव्हाना बाबांचं ठरून गेलं होतं. दार उघडायचं, एक हात वर करायचा आणि म्हणायचं, "घाबरू नका, मी हयात आहे, आत या, पाणी प्या." त्यांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला.

दारात एक साठीच्या पुढच्या बाई होत्या. काकांचंच नाक, काकांचीच भुवई. हातात चार खणांचा डबा. बाबांना बघून त्या एक पाऊल मागे सरल्या, गॅलरीचा कठडा धरला, आणि मग असं काही हसायला लागल्या की मला वाटलं आता त्यांना भोवळ येणार.

"भाऊ! मेल्या, तू आहेस! अरे देवा, तू आहेस!" त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "मंगळवारी फोटो आला ना मला मोबाइलवर. एवढा मोठा हार. मी लगेच बंद केला फोन, पुढे बघवेना. चार दिवस घरात काही सुचलं नाही. यांना म्हटलं, भाऊ गेला, आता माझ्या भावाला जेवायला कोण घालणार? तुमच्याकडेच जेवायचा ना तो? मला कळायचं सगळं. दर वर्षी पूजेच्या फोटोत बघते त्याला. किती खंगलाय. चार दिवस विचार करत होते, जाऊ की नको, त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाले होते. म्हटलं, मरो तो शब्द. त्याने काही खाल्लं नसणार." त्यांनी डबा वर धरून दाखवला. "तिसऱ्यांचं सुकं केलंय, त्याला आवडतं. कुठे गेलाय तो? कुलूप दिसतंय."

मी पुढे झाले. चूक माझी होती, सांगायचं मीच, असं मला वाटलं. तोंड उघडलं आणि मी त्यांना सांगायला लागले की फोटोचं नाव एकच होतं, आणि तीस दिवस, आणि जवळचं यंत्र. मी काय बोलत होते ते मलाच ऐकू येत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. त्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, काकांच्या शेजाऱ्याची शिकलेली मुलगी म्हणून.

बाबांनी माझ्या दंडाला हात लावून मला बाजूला केलं. चार दिवस हे एक वाक्य शीवला पोचवायला ते जिवाचं रान करत होते. आता शीव स्वतःहून दारात आलं होतं, आणि त्यांना ते जमेना.  मग ते म्हणाले, "फोटो माझो होतो, बाय."

"हो, बघितला ना," त्या म्हणाल्या.

"फोटो माझो होतो," बाबा पुन्हा म्हणाले. 

त्यांनी बाबांकडे बघितलं. मग कुलपाकडे बघितलं. मग पुन्हा बाबांकडे. हसू चेहऱ्यावरून जायला बराच वेळ लागला, जसं काही त्याला जायची वाट सापडत नव्हती. डबा मी त्यांच्या हातातून घेतला, नाहीतर पडला असता. बाबांनी त्यांना धरून आत आणलं आणि काका बसायचे त्या स्टुलावर बसवलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी पहाटे," मी म्हटलं.

त्या रडल्या नाहीत. कोरड्या डोळ्यांनी जमिनीकडे बघत बसल्या. पाणी दिलं ते तसंच हातात राहिलं. मग त्या बाबांना म्हणाल्या, "चार दिवस तुझ्यासाठी रडले रे भाऊ. सगळं रडून झालं. आता त्याच्यासाठी कुठून आणू?"

बाबा त्यांच्या समोर जमिनीवर बसले.

"ता सगळा तेचाच होता, बाय," ते म्हणाले. "माझ्याकडे चुकान इला."

आणि तेव्हा कुठे बाबा रडले.